गुडघ्यापासून कपाळापर्यंत

"वहिनी, तुम्ही आप्पांच्या जागेवर आडव्या व्हा," खटावकर सर म्हणाले. "ती जागा रिकामी राहिली की सगळ्यांचं लक्ष तिकडंच जातंय."

मी झाले आडवी. साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली आणि हात अंगाशेजारी ठेवले. तासगावातल्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल होता तो. आदल्या दिवशी कुणाचा तरी साखरपुडा झाला असणार, कारण छताला फुगे तसेच होते. त्यातला एक निम्मा सुकलेला फुगा बरोबर माझ्या डोक्यावर पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. माझा नवरा मिरजेला आयसीयूत नळ्या लावून पडलेला, आणि मी फुगा बघत होते. मला काहीसुद्धा वाटत नव्हतं. लोक म्हणायचे, सुन्न झालीय बिचारी. असेन. मला एवढंच आठवतंय की सतरंजीखालची फरशी गार होती आणि पाठीला बरं वाटत होतं.

माझ्या डाव्या हाताला विमल कोरे होती. आमच्याच गल्लीतली, माझी मैत्रीण. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी इथं आलो. योगवर्गात ह्यांच्या शेजारी रोज तिचीच सतरंजी असायची. मी काही वर्गाला जायची नाही. सकाळी सकाळी हातपाय वाकडेतिकडे करायला घरात कामं कमी होती का मला?

"सुरू करू?" सरांनी विचारलं.

"करा," मी म्हटलं.

हा खटाटोप कशासाठी चालला होता, ते आधी सांगते.

ह्यांचं नाव भूपाल मगदूम. गावात सगळे आप्पा म्हणायचे. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला मॅनेजर होते. रिटायर झाल्यावर पोट सुटायला लागलं म्हणून योगवर्ग धरला. रोज निघताना अक्कांच्या फोटोला हात लावायचे. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनीच ह्यांना वाढवलं. माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्याही गेल्या. फोटोला हात लावून झाला की दारातनं मला हाक, "मालन, चहा टाकून ठेव, आलोच." त्या दिवशीही तसंच म्हणाले आणि मी चहा टाकला.

वर्गाचा शेवट शवासनानं व्हायचा. सगळ्यांनी डोळे मिटून उताणं पडायचं आणि सर पायाच्या अंगठ्यापासून सुरू करून एकेका अवयवाचं नाव घेत वर वर कपाळापर्यंत जायचे. अंगठा सैल सोडा, घोटा सैल सोडा, असं. आणि सरांचा एक नियम होता. शवासनात कुणाला झोप लागली तर उठवायचं नाही. झोप लागणं म्हणजे आसन साधलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मग त्या दिवशी सगळे उठून बसले, तळवे घासून डोळ्यांवर ठेवले, तरी हे उठले नाहीत, तेव्हा सर म्हणाले, "असू दे, झोपू दे आप्पांना." दोघं-तिघं हसले. आज आप्पा घोरलेसुद्धा म्हणून.

विमलनं मात्र खांद्याला धरून हलवलं. मान एका बाजूला कलली. वर्गातल्याच कांबळे बाई, सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेल्या नर्स, त्या धावल्या आणि छाती दाबायला बसल्या. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत दाबायच्या थांबल्या नाहीत. अॅम्ब्युलन्समध्ये शॉक दिला आणि हृदय सुरू झालं. हे मात्र जागे झाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर तांबोळी बाईंनी आम्हाला आत बोलावलं. मी, माझा मुलगा अभिनंदन, तो हैदराबादहून आलेला, आणि ह्यांचे थोरले भाऊ, बापूसाहेब भाऊजी.

"टक्के सांगा डॉक्टर," अभिनंदन म्हणाला. "अंदाज सांगा नुसता."

"आकडा सांगितला की तुम्ही आकडाच धरून बसाल," बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा सगळं सांगते. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेली बहुतेक माणसं इथपर्यंत येतच नाहीत. हे आले. आता प्रश्न मेंदूचा आहे. डोळ्यांत बॅटरी मारली की बाहुल्या लहान होतात, ही चांगली गोष्ट. चिमटा काढला तर हात हलत नाही, ही वाईट. मेंदूचा आलेख काढला, तो धड चांगला नाही, धड वाईट नाही. तराजू मधोमध आहे. एक गोष्ट कळली तर कुठल्या तरी बाजूला झुकेल. हृदय बंद पडल्यापासून छाती दाबायला लागेपर्यंत वेळ किती गेला? पडताना कुणी बघितलं?"

"ते पडलेच नाहीत," मी म्हटलं. "आडवेच होते."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी शवासनाचं सांगितलं.

"शेजारी कुणी होतं का?"

"सगळा वर्ग होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले."

"घोरत होते म्हणे," अभिनंदन म्हणाला. "म्हणून तर कुणी उठवलं नाही."

"ते घोरत नाहीत," मी म्हटलं. "जन्मात कधी घोरले नाहीत. आमच्यात मी घोरते."

तांबोळी बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "मग ते घोरणं नव्हतं," त्या म्हणाल्या. "हृदय थांबल्यावरसुद्धा थोडा वेळ असा ओढून ओढून श्वास येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस घोरतोय. ते होतं हे एका परीनं चांगलंच. पण ते केव्हा सुरू झालं, हे कळायला पाहिजे. शवासन संपता संपता सुरू झालं असेल तर मी म्हणेन, थांबूया. गळ्यातनं नळी घालू आणि वाट बघू. सुरुवातीलाच झालं असेल, तर..."

"तर?" भाऊजींनी विचारलं.

"तर मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. घरी नेतो म्हणालात तर अडवणारही नाही."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "घरी नेऊया, मालन. कानावर णमोकार पडू दे त्याच्या. शुद्ध नसली तरी जीवाला ऐकू येतं. त्या नळ्यांत कशाला कुजवायचा माझ्या भावाला?" बोलता बोलता त्यांना रडू आलं. माणूस वाईट नव्हता. आम्हा जैनांत असं सगळं सोडून, नाव घेत घेत जाण्याला फार मान आहे आणि भावाला ते मिळावं एवढंच त्यांच्या मनात होतं.

"आई, तू सांगशील तसं करू," अभिनंदन म्हणाला.

मी सांगेन तसं. मला तर त्या वेळी जेवायला काय पाहिजे विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. मी म्हटलं, उद्या सांगते. आणि विमलला फोन लावला. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं आणि सकाळी सगळ्यांना वर्गाला बोलव म्हटलं. त्या दिवशी होते ते सगळे, ज्याच्या त्याच्या जागेवर पाहिजेत.

म्हणून मी तिथं पडले होते. ठरलं असं होतं की सर रोजच्या संथपणानं सगळं म्हणणार, आणि ज्याला जिथं तो आवाज आठवेल त्यानं हात वर करायचा. अभिनंदन दारात फोनवर वेळ लावून उभा होता.

"डाव्या पायाचा अंगठा," सर म्हणाले, "सैल सोडा. उजव्या पायाचा अंगठा. सैल." त्यांचा आवाज बसला होता. त्या दिवसापासून ते नीट जेवलेही नव्हते, हे मला नंतर कळलं. "घोटे. सैल. पोटऱ्या. सैल सोडा."

कुणाचाच हात वर झाला नाही. मी डोळे मिटले नव्हते. माझं अंग मात्र आपोआप सैल होत चाललं होतं, मी न सांगता. तीन दिवस मी बाकड्यावर बसून काढले होते. वाटलं, हे असंच पडले असतील. असंच बरं वाटलं असेल.

"गुडघे," सर म्हणाले. "सैल सोडा."

मी मान वळवली. विमलचे डोळे टक्क उघडे होते आणि ती माझ्याकडेच बघत होती. तिनं हात लांब करून माझं मनगट धरलं. तळहात घामानं ओला होता. मी मान सरळ केली आणि डोळे मिटले.

"मांड्या. कंबर. पोट सैल सोडा."

"इथं असेल का?" मागनं पोतदारांचा आवाज आला. आप्पा घोरले म्हणून पहिले हसले होते ते हेच. "पोटाला होतो का आपण? नाही बाबा, नक्की नाही सांगता यायचं. माझाच डोळा लागला होता."

"बोलू नका, हात करा," कांबळे बाई म्हणाल्या.

"छाती," सर म्हणाले आणि थांबले. मग पुढं म्हणाले, "छाती सैल. खांदे. मान. जबडा. डोळे." प्रत्येक शब्दानंतर पंख्याचाच आवाज. "कपाळ. कपाळ सैल सोडा."

विमलनं हात वर केला. माझं मनगट तिच्या हातात होतं, त्यामुळे माझाही हात वर गेला.

"इथं," ती म्हणाली. "कपाळाला. मी शेजारीच होते, मला पक्कं आठवतंय. सर कपाळ म्हणाले आणि आवाज आला."

"हां, तसंच असेल मग," पोतदार म्हणाले. "विमलताई अगदी जवळ होत्या."

अभिनंदननं वेळ बघितली. कपाळापासून तळवे घासेपर्यंत, तिथून कांबळे बाई धावेपर्यंत. थोडीच मिनिटं होत होती. त्याच्या तोंडावर जरा रंग आला. सगळे उठले, सतरंज्या गुंडाळायला लागले. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना म्हटलं, "तुमची चूक नाही." मला तसं वाटत होतं का, काय माहीत. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं.

मिरजेला गेल्यावर अभिनंदननं तांबोळी बाईंना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"नक्की? कपाळाशीच सुरू झालं?"

"नक्की," मी म्हटलं.

"तर मग थांबूया," त्या म्हणाल्या. "वचन देत नाही. पण थांबण्यात अर्थ आहे."

भाऊजी जिन्यात बसून स्वतःच णमोकार म्हणत राहिले.

आम्ही थांबलो. गळ्यातनं नळी घातली. दिवस गेले, आठवडे गेले. मी घरनं डबा न्यायची आणि कधी तो न खाताच परत आणायची. ह्यांची सतरंजी धुऊन वाळत घातली, घडी करून ठेवली. रडू आलं नाही. अभिनंदन म्हणायचा, आई, एकदा मोकळी हो गं. मोकळी होऊन जाऊ कुठं?

मग एका दुपारी ह्यांनी डोळे उघडले. पुढच्या आठवड्यात माझा हात धरला. नळी काढल्यावर आवाज फुटायला आणखी वेळ गेला. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, कोण आलंय बघा. ओळखलं का?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लहान पोरासारखे हसले.

"अक्का," म्हणाले.

पहिल्यांदा वाटलं, नुकतेच शुद्धीवर आलेत, येईल हळूहळू सगळं. तांबोळी बाईही म्हणाल्या, काही परत येईल, काही येणार नाही, आत्ता कुणीच सांगू शकत नाही. बरंचसं आलं. हाताला धरून चालायला लागले. आपल्या हातानं जेवायला लागले. समोर बेदाणा ओतला तर काड्या वेगळ्या, काळे दाणे वेगळे, असं अजून झटक्यात करायचे. भाऊजींना ओळखलं. अभिनंदनला ओळखलं, फक्त तो अजून कॉलेजात आहे असं त्यांना वाटायचं. मला मात्र अक्काच म्हणत राहिले.

"अहो, मी मालन," मी सांगायची. सुरुवातीला दिवसातनं कितीदा तरी सांगायची.

"अक्का, चेष्टा नको करू," ते म्हणायचे.

एकदा मी लग्नाचा फोटो काढून समोर धरला. त्यांनी नवरीच्या तोंडावरनं बोट फिरवलं. "हीच," म्हणाले. "कुठं गेली ही?" त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले. तेवढं एकदाच. मग दुसऱ्या दिवशी विचारलं, मालन कुठाय, तेव्हा मी म्हटलं, माहेरी गेलीय.

"कधी येणार?"

"येईल."

एवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं. माझ्या माहेरी आता कुणीच उरलेलं नाही. घर विकूनसुद्धा झालं. पण मी आपली वर्षानुवर्षं तिथंच जाऊन राहिलेली. अक्कांचा भिंतीवरचा फोटो मी काढून कपाटात ठेवला, कारण एकाच घरात दोन अक्का बघून ते घाबरायचे. मी त्यांना न्हाऊ घालायची, तर लाजायचे. "अक्का, आता मोठा झालो की गं मी," म्हणायचे. रात्री माझ्या खोलीत झोपायचे नाहीत.

बायका म्हणायच्या, नशीब काढलंस हो, मरणाच्या दारातनं परत आणलंस. मी होय म्हणायची. खोटं नव्हतंच ते. माणूस डोळ्यासमोर होता, हसत होता, चार घास जेवत होता. मला बरं वाटायचं. आणि कधीकधी त्यांच्याच समोर बसून त्यांची इतकी आठवण यायची की उठून बाहेर जावं लागायचं.

गेल्या दिवाळीत विमल फराळाचं ताट घेऊन आली. तिची लेक तिला कायमची पुण्याला नेणार होती. हे आत कॉटवर बसून बेदाणा निवडत होते. आम्ही दोघी बाहेरच्या सोप्यात बसलो. विमल ताट ठेवून नुसतीच पदराशी चाळा करत राहिली.

"बोल की," मी म्हटलं. "पुण्याला जाऊन फोनवर सांगणार आहेस का?"

"मालन, मी त्या दिवशी खोटं बोलले," ती म्हणाली. "वर्गात. सगळ्यांसमोर."

मी आत ह्यांच्याकडे एक नजर टाकली.

"कपाळाला नाही सुरू झालं. गुडघ्याला झालं. चांगलं ऐकलं मी. आज लागली वाटतं आप्पांना झोप, म्हणून मनात हसलेसुद्धा. तो आवाज पार पोटापर्यंत चालला होता, मग बंद झाला. आणि मी पडून राहिले गं शेजारी."

"मग कपाळ का म्हणालीस?"

"तू अशी पडली होतीस तिथं. त्यांच्यासारखीच. मला डॉक्टरी काय कळतंय? गुडघा म्हटलं तर घरी नेतील, एवढं कळत होतं. माझ्या तोंडातनं तो शब्द निघाला नाही." ती हमसून रडायला लागली. "आणि आता तुझं हे असलं बघते. बायको असून बहीण होऊन राहिलीयस. रोज वाटतं, मीच केलं हे. गुडघा म्हटलं असतं तर तुझी सुटका झाली असती, त्यांचीही झाली असती. मी कोण ठरवणारी?"

मी उठून तिला पाणी आणून दिलं. प्यायली.

"विमल," मी म्हटलं, "मला ठाऊक आहे."

तिनं वर बघितलं.

"सर गुडघे म्हणाले आणि तुझे डोळे उघडे होते. माझेही होते. मनगट धरलंस तेव्हाच कळलं मला. कपाळापर्यंत तू काय बोलणार, एवढीच वाट बघत होते. वाटत होतं, गप्प राहा, गप्प राहा बाई."

"आणि तू डॉक्टरांना..."

"डॉक्टरांनी मला विचारलं, नक्की का. नक्की मी म्हटलं. तू कुठं होतीस तिथं? उगाच सगळं आपल्या डोक्यावर घेऊन बसू नकोस."

समोरच्या घरात पोरं टिकल्या उडवत होती. मग विमलनं हळूच विचारलं, "पस्तावतेस का गं?"

"रोज वेगळं उत्तर येतं," मी म्हटलं. "म्हणून विचारत नाही स्वतःला. आण ते ताट इकडं. अनारसे जमले का ह्या खेपेला, का पुन्हा विरघळले?"

ती रडता रडता हसली. जाताना दाराशी थांबून माझं मनगट धरलं, त्या दिवशी धरलं होतं तसंच, आणि गेली. मी दार लोटलं आणि आत आले.

ह्यांनी बेदाण्याचे तीन ढीग केले होते. एकदम व्यवस्थित. मी त्यांच्या समोर, कॉटच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"अक्का, कोण आलं होतं?"

"विमल."

"हां." त्यांनी एक काडी उचलून बाजूला टाकली. "मालन कधी येणार गं? दिवाळी आली की."

रोजचं उत्तर तोंडात तयार होतं. पण त्या दिवशी ते बाहेर पडेना. एवढी वर्षं आत काही हलत नव्हतं, ते त्या वेळी हललं, आणि मला माझ्या माणसाच्या तोंडून एकदा, नुसती एकदा, माझी हाक ऐकावीशी वाटली.

"आलीय," मी म्हटलं.

त्यांनी हातातला बेदाणा खाली ठेवला. तोंड उजळलं. ते असं उजळतं, हे मी विसरूनच गेले होते. माझ्या अंगावरनं त्यांची नजर पलीकडे गेली, दाराकडे. तिथं ती थांबली.

"मग बाहेर का उभी केलीस तिला?" ते म्हणाले. "दार उघड की, अक्का."

मी उठले आणि जाऊन दार उघडलं.